धाराशिवची तूर, तिची मर आणि मातीतले राखणदार

मृग निघाला की धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूरच्या कृषी सेवा केंद्रांत बियाण्याच्या पिशव्यांशेजारी पांढऱ्या भुकटीच्या पुड्या आणि गढूळ द्रवाच्या बाटल्या मांडल्या जातात. कुठे ट्रायकोडर्मा, कुठे स्यूडोमोनास, कुठे बॅसिलस. रासायनिक बुरशीनाशकांनंतर निघालेले हे अगदी नवे औषध, अशीच त्यांची ओळख दुकानदार करून देतो आणि शेतकरीही तसेच समजतो. ही समजूत इतिहासाला धरून नाही. मातीतले जिवाणू पिकाच्या मुळाशी राहून बुरशीला आवरतात, या गोष्टीचा भारतातला अभ्यास याच जिल्ह्याच्या एका मुख्य पिकावर, तुरीवर, पाऊण शतकापूर्वी झाला आहे. त्याच्याही आधी इथल्या शेतकऱ्याने पिकांची जी जोडणी आणि पाळी बसवली होती, तिच्यातून हे संरक्षण त्याला नाव न घेता मिळत होते. माझे म्हणणे असे की पुडीतला जिवाणू हा त्या जुन्या व्यवस्थेचा सुटा काढलेला एक भाग आहे. उरलेले भाग शेतात असतील तितकेच काम तो करतो. याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो भक्कम आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी रोगाकडे, म्हणजे तुरीच्या मरीकडे, पाहू. तूर फुलोऱ्यात किंवा शेंगेत असताना हिरव्या रानात एखादे झाड अचानक माना टाकते, पाने पिवळी पडतात, मग शेजारची दोन-चार झाडे, मग वर्तुळासारखा एक वाळलेला पट्टा. खोडाची साल सोलली की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. पाणी भरपूर असते, पण ते वर चढत नाही, कारण मुळातून शिरलेल्या बुरशीने पाणी नेणाऱ्या नळ्याच बुजवलेल्या असतात. पुसा येथील इंपीरियल मायकॉलॉजिस्ट एडविन जॉन बटलर यांनी या रोगाचा पहिला पद्धतशीर अभ्यास करून 1906 आणि 1910 मध्ये तो प्रसिद्ध केला. ही बुरशी आज फ्युजेरियम उडम या नावाने ओळखली जाते आणि त्या नावापुढे बटलरांचे नाव लागते. शेंगा धरण्याआधी मर आली तर त्या झाडाचे उत्पन्न जवळजवळ पूर्ण बुडते, दाणे पक्व होताना आली तर दोन तृतीयांश जाते, काढणीच्या तोंडावर आली तरी तिसरा हिस्सा जातो. या बुरशीचा मुक्काम हवेत नसतो, पानावरही नसतो. मेलेल्या झाडाच्या मुळांत आणि बुडख्यात ती तुरीविना साधारण तीन वर्षे तग धरते. फवारणीने ती हाती लागत नाही, तिचा निकाल मातीतच लागतो.

आता जुनी व्यवस्था. आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात आधी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उस्मानाबाद झाला. (1982 मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत ‘उस्मानाबाद जिल्ह्याचे आकडे’ म्हणजे दोन जिल्ह्यांचे आकडे असत, जुन्या तक्त्यांवरून आजचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे विसरू नये.) या सगळ्या काळात इथले मुख्य पीक ज्वारी. खरिपात ज्वारीच्या काही तासांआड तुरीचे एक तास, त्यातच मूग-उडदाची मूठ. भारी रानात रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई. एक पीक पुढच्या पिकासाठी रान कसे ठेवून जाते याला इथे बेवड म्हणतात, आणि कशाचा बेवड कशाला मानवतो याचे ठोकताळे प्रत्येक घरात असत. उन्हाळ्यात रानात मेंढ्या-शेळ्या बसवल्या जात. ज्या उस्मानाबादी शेळीचे नाव आज देशभर झाले आहे, ती या जिल्ह्याला दूध-मांसाइतकीच लेंडीखतासाठीही उपयोगी होती. आणखी एक काम होते, ज्याची नोंद शेतीच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. वखरणीच्या आधी बायका तुरीची धसकटे वेचून चुलीसाठी घरी नेत. तुराट्या कुडाला आणि सरपणाला, बुडखे चुलीला. रोगाची बुरशी नेमकी त्या बुडख्यांतच दबा धरून असते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सरपणाची गरज भागवताना त्या रोगाचे बीजही रानाबाहेर काढत होत्या, असे मानायला मला अडचण वाटत नाही. गॅस घरात आला, रोटाव्हेटर रानात आला आणि तेच बुडखे आता बारीक होऊन शेतभर पसरतात.

या रचनेत ज्वारीचे स्थान केवळ भाकरीचे नव्हते. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ, म्हणजे विषबाधा, लागते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गुराख्याला माहीत असते. ज्या हायड्रोसायनिक आम्लाने ती लागते, तेच ज्वारीच्या मुळांतूनही मातीत झिरपते आणि मुळाभोवतीच्या सूक्ष्म जिवांवर व रोगकारक बुरशींवर त्याचा परिणाम होतो, असे जी. रंगस्वामी आणि ए. बालसुब्रमण्यन यांनी 1963 मध्ये दाखवले. पुढे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत नटराजन, कन्नैयन, विली आणि नेने यांनी तुरीच्या मरीवर पीकपद्धतीचा काय परिणाम होतो ते काही वर्षे मोजले. त्यांचा 1985 चा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्वारीत मिसळून घेतलेल्या तुरीत मर निव्वळ तुरीपेक्षा कमी पडते, आणि एक वर्ष ज्वारी घेतली किंवा रान पडीक ठेवले तरी पुढच्या तुरीतली मर उतरते. म्हणजे धाराशिवचा शेतकरी जी तासे पाडत होता त्यांना प्रयोगाचा आधार मिळाला, तो तासे मोडायला लागल्यावर. ज्वारीच्या मुळाशी राहणारे काही स्यूडोमोनास जिवाणूही तेच आम्ल सोडतात. मूळ आणि जिवाणू यांचे काम एकमेकांत इतके मिसळलेले असते की श्रेय कोणाचे, हा प्रश्न मातीत फारसा अर्थ ठेवत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्याच्या हातात आकडा आहे. कन्नैयन, नेने आणि रेड्डी यांनी 1975 ते 1980 या काळात देशभर फिरून तुरीच्या रोगांची पाहणी केली. मरीचे सरासरी प्रमाण महाराष्ट्रात 22.6 टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. राजस्थानात ते 0.1 टक्का होते. तेव्हा मराठवाड्यात सोयाबीन नव्हते, रोटाव्हेटर नव्हता, ज्वारी होती आणि मिश्र पीकही होते. मग जुन्या व्यवस्थेने संरक्षण दिले हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांची वाट या आकड्याने बंद होते, आणि ती बंद झालेली बरी. पण पाटणचेरूच्या प्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या: मिसळ आणि खंड. आपल्याकडे मिसळ होती, खंड अनेकदा नव्हता. भारी रानात ज्वारी-तुरीची तीच जोडी वर्षानुवर्षे त्याच शेतात पडे. तास इकडचे तिकडे होई, शेत तेच राही. तीन वर्षे तग धरणाऱ्या बुरशीला दर वर्षी थोडी का होईना तूर मिळत होती. शिवाय तूर गावरान, मरीला बळी पडणारी. त्यामुळे त्या व्यवस्थेने मर आवाक्यात ठेवली, संपवली नाही, एवढेच विधान पुराव्यात बसते. निव्वळ तुरीत काय होते याच्याशी तुलना केली तर ती मदतही लहान नव्हती.

जिवाणूंची कथा सुरू होते दिल्लीत. भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. एस. वासुदेव यांनी तुरीच्या मरीचा अभ्यास हाती घेतला तेव्हा त्यांनी बुरशीकडे एकटे पाहिले नाही, तिच्या शेजाऱ्यांकडे पाहिले. टी. सी. रॉय यांच्यासह त्यांचा 1950 चा निबंध मातीतले इतर जीव फ्युजेरियम उडमवर काय परिणाम करतात यावरच आहे. त्या शोधात बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू पुढे आला, जो या बुरशीची वाढ रोखत होता. जगातही हा विचार तेव्हा फार जुना नव्हता. सॅनफर्ड यांनी 1926 मध्ये बटाट्याच्या खवड्याबाबत मातीतल्या जिवांच्या विरोधाकडे बोट दाखवले होते, आणि वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर कसा जगतो ते दाखवले होते. दिल्लीतले काम या मालिकेत मानाने बसणारे आहे, आणि ते आपल्याच डाळीवर झाले.

पुढे मात्र त्या कामाला काळाने वळण दिले. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या यशाने सगळे जग भारलेले होते. मातीतला जीव सापडला की त्याने स्रवलेले द्रव्य वेगळे काढायचे, त्याला नाव द्यायचे, ते बाटलीत भरायचे, ही त्या काळची वैज्ञानिक सवय झाली. वासुदेव आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये बॅसिलसच्या त्या द्रव्याला ‘बल्बिफॉर्मिन’ हे नाव देऊन ते जाहीर केले, आणि 1962 मध्ये ते प्रत्यक्ष मातीत कितपत काम करते याचाही निबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातही हेच वारे होते. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस वर्गातल्या जिवाणूंपासून बुरशीविरोधी द्रव्ये शोधली. हॅमायसिन हे त्यांतले एक, आणि ते देणाऱ्या जिवाणूला गावाच्या नावावरून ‘पिंप्रिना’ म्हटले गेले. 1964 मध्ये आलेले ऑरिओफंगिन हे दुसरे. ते तर पिकांवरच्या बुरशीसाठी बाजारात आले. हे मोठे काम होते आणि त्याचा अभिमान वाटावा. पण या वाटेने विज्ञान एक गोष्ट मागे ठेवून गेले. शेतात बुरशीला रोखतो तो मुळाशी वस्ती करून, तिथले अन्न खाऊन, तिथेच वाढणारा जिवंत जिवाणू. त्याचे द्रव्य गाळून घेतले की हातात एक फवारा राहतो, जो पावसाने धुतला जातो आणि ज्याची पुनर्निर्मिती होत नाही. तुरीची मर मुळातून येते, फवाऱ्याचा तिथे निभाव लागणे कठीण.

जिवंत जिवाणूंवरचे काम मंदावले त्याला आणखी एक कारण होते: प्रतिकारक वाण. महाराष्ट्रातल्या एका गावरान तुरीतून इक्रिसॅटने निवडलेला आयसीपी 8863 हा वाण 1986 मध्ये कर्नाटकात ‘मारुती’ नावाने प्रसारित झाला आणि उमरग्याला लागून असलेल्या गुलबर्गा पट्ट्यात तो झपाट्याने पसरला. इकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीएसएमआर 736, बीएसएमआर 853 आणि पुढे बीडीएन 711, बीडीएन 716 असे वाण दिले. मर आणि वांझ रोग या दोन्हींना तोंड देणाऱ्या या तुरींनी मराठवाड्यात डाळ टिकवली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्यामुळेच कोणी विचारेल की वाण असताना जिवाणूंची मातब्बरी काय? तुरीपुरता हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्याला एकच गोष्ट करता येईल त्याने बियाणे बदलावे असेच मीही सांगेन. पण बुरशी एकाच रूपाची नसते. फ्युजेरियम उडमचे वेगवेगळे प्रकार देशात नोंदले गेले आहेत, आणि एका ठिकाणी टिकलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मरतो. दुसरे म्हणजे शेत आता एकट्या तुरीचे राहिलेले नाही. गेल्या तीन दशकांत खरिपाची ज्वारी मागे पडून तिथे सोयाबीन आले, आणि सोयाबीनपाठोपाठ हरभरा. सोयाबीनला बुंध्याची कूज आणि मूळकूज, हरभऱ्याला स्वतःची वेगळी मर आणि कोरडी मूळकूज. तुरीतला प्रतिकार या पिकांच्या कामाचा नाही.

हरभऱ्याच्या मरीपाशी माझ्या मांडणीचीही मर्यादा उघड होते. तिची बुरशी, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षे जिवंत राहू शकते. इतका लांब खंड कोणता शेतकरी पाडेल? इथे फेरपालट एकटी पुरत नाही आणि मुळाशी आणून बसवलेल्या जिवाणूला खरे काम मिळते. दुकानात दिसणाऱ्या टाल्क भुकटीचा जन्म याच रोगाशी जोडलेला आहे, हा योगायोग नाही. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात पी. विद्याशेखरन आणि एम. मुत्तमिलन यांनी स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू भुकटीत जिवंत कसा ठेवायचा यावर काम केले आणि 1995 मध्ये त्याचे निकाल हरभऱ्याच्या मरीवरच प्रसिद्ध केले, पाठोपाठ तुरीवरही. जिवाणू काढून द्रव्य बाटलीत भरण्याच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीपासून ही माघार होती, आणि योग्य माघार होती. हा जिवाणू मुळाभोवतीचे लोह आपल्याकडे ओढून बुरशीला उपाशी ठेवतो, तिला मारक द्रव्ये सोडतो, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. त्यात उपयुक्त बुरशी आणि जिवाणू एकत्र दिले जातात.

तरीही ‘वापरले, काही फरक पडला नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि ती खोटी ठरवून चालणार नाही. स्यूडोमोनासला बीजाणू नसतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या जिल्ह्यात पत्र्याखालच्या गोदामात ठेवलेल्या पुडीत जूनपर्यंत काय जिवंत उरेल याचा अंदाज करता येतो. बॅसिलस बीजाणूंच्या रूपात ताप सोसतो, म्हणून या हवेला तो अधिक भरवशाचा आहे असे माझे मत आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी असल्याने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलेल्या बियाण्यावर ती लावली की खर्च दोन्हींचा होतो आणि लाभ एकाचाच. पण साठवण आणि लावण्याची पद्धत सुधारली तरी एक अडचण उरते. जिवाणूला मुळाशी वस्ती करायला सेंद्रिय अन्न लागते. मेंढ्या बसत नाहीत, बैल विकले गेले, शेणखत उसाला किंवा द्राक्षाला जाते, आणि कोरडवाहू तुरी-हरभऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. अशा मातीत सोडलेला जिवाणू किती दिवस टिकेल?

अभ्यासू वाचक इथे उलट बाजूचे एक प्रसिद्ध उदाहरण पुढे करील. अमेरिकेच्या वायव्य भागात गव्हावर गहू सतत घेतला तर ‘टेक-ऑल’ हा मुळांचा रोग काही वर्षे वाढतो आणि मग आपोआप उतरतो. कारण त्या मुळांवर बुरशीला मारणारे स्यूडोमोनास वाढलेले असतात. म्हणजे फेरपालट न करताच माती स्वतःचे राखणदार घडवते! उदाहरण खरे आहे, पण तुरीला ते लागू पडत नाही. पाटणचेरूला प्रतिकारक वाण पारखण्यासाठी मुद्दाम ‘मरीचे रान’ राखतात. दर वर्षी तिथेच तूर घेऊन ते रान रोगट ठेवले जाते आणि कमकुवत वाण तिथे हमखास मरतात. सतत तुरीने राखणदार तयार होत असते तर ते रान केव्हाच निरोगी झाले असते. दुसरा आक्षेप ज्वारीवरचा. रब्बी ज्वारीचा खडखड्या रोग मॅक्रोफोमिना या बुरशीमुळे होतो, आणि तीच बुरशी सोयाबीनची नि हरभऱ्याची मुळे कुजवते. मग ज्वारी आणून रोग वाढणारच. हा धोका, विशेषतः ताण पडणाऱ्या वर्षी, खरा आहे. त्यामुळे ज्वारीला सर्व रोगांवरचा उतारा मी म्हणत नाही. ती तुरीच्या मरीवर उपयोगी आहे, आणि खडखड्यावर राष्ट्रीय ज्वारी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीच्याच मुळांवरून वेगळे काढलेले स्यूडोमोनास 2008 मध्ये परिणामकारक दाखवले आहेत.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. खरिपाची ज्वारी शेतकऱ्याने अज्ञानाने सोडली नाही. परतीच्या पावसात कणसे काळी पडतात, पाखरे राखायला माणूस मिळत नाही, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि सोयाबीन शंभर दिवसांत हातात रोख पैसे देते. त्याला जुन्या दिवसांकडे परत जा म्हणणे हा आगाऊपणा होईल. पण सोयाबीनच्या ओळींत तुरीचा पाटा टाकला म्हणजे जुनी मिसळ राखली, हा समजही चुकीचा आहे. ज्वारीबद्दल प्रयोगाने जे दिसले ते सोयाबीनच्या नावावर जमा करता येत नाही. म्हणून ज्या रानात तुरीचे चौथे-पाचवे झाड माना टाकते, त्या रानात तीन वर्षे तूर नको. तेवढ्या काळात निदान एकदा तिथे ज्वारी येऊ द्या. तुरीचे बुडखे उपटून रानाबाहेर काढा, त्यांवर रोटाव्हेटर फिरवू नका. प्रतिकारक बियाणे घ्या. आणि जिवाणूची पुडी घ्यायची तर तयार झाल्याची तारीख पाहून, सावलीत ठेवलेली, मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओल असलेल्या मातीत टाका. कोरड्या रानात आणि उन्हाच्या तापात टाकलेल्या पुडीचे पैसे वाया जातात.